पस्तीस किलोंच्या आत

पोर तोलू नये, असं माझ्या आईचं ठाम मत होतं. तोललं की झडतं, म्हणायची. पोराला काट्यावर घालायचं ते एकदाच, नवस फेडताना, देवासमोर, आणि तेही दुसऱ्या पारड्यात गूळ ठेवून. ती वाईकडची. माहेरी घाटावर अशा तुला तिनं लहानपणापासून बघितलेल्या. पोर जेवढं जड तेवढा देवाला गूळ जास्त, आणि तेवढी आईची मान ताठ. सहावीत मला टायफॉईड झाला आणि त्यातून मी कशीबशी उठले, तेव्हा तिनं मलाही तिथं नेऊन पारड्यात बसवलं. गूळ फारसा लागला नाही. भटजी सहज म्हणाले, "स्वस्तात सुटलात बाई." ते आईला असं लागलं, की परतीच्या एसटीत तिनं डोळ्याला लावलेला पदर साताऱ्यापर्यंत काढला नाही. पुढचं वर्षभर आमच्या घरात जे काही शिजलं ते त्या एका वाक्याला उत्तर म्हणून शिजलं.

आमचं गाव वाळव्याच्या बाजूला, कृष्णाकाठी. वडील फौजेत, त्यामुळे घरात आम्ही तिघंच : आई, मी आणि तात्या. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. ऊस, म्हशी आणि आमच्या दोघींची काळजी हे सगळं त्यांच्याकडे. सकाळी मला जाग यायची ती नदीवरच्या इंजिनाच्या फटफटीनं आणि आईच्या रवीच्या घुसळण्यानं. अंथरुणातून उठायच्या आत समोर पितळी पेला यायचा : म्हशीचं दूध, त्यात खारकेची पूड. मग लोण्याचा गोळा ठेवलेली ज्वारीची भाकरी. शाळेत जाताना दप्तरात डिंकाचा लाडू, आल्यावर काकवी आणि भाकरी, आणि रविवारी मटणाचा रस्सा, त्यातली नळी माझीच. "खा, आजारातनं उठलीयास," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की आजारातून उठून वर्ष उलटलं हे माझ्याही ध्यानात राहिलं नव्हतं. आज माझी सून ताटातला भात चमच्यानं मोजून घेते. ते बघून मला हसू येतं आणि आई आठवते. तिच्या हाताखाली ही पोरगी आठवडाभर टिकली नसती.

शाळेत शनिवारी शेवटचे दोन तास मंडळांचे असत. विज्ञान मंडळाकडे एक स्पिरिटचा दिवा आणि एक परीक्षानळी होती, ती मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात असायची. वाङ्मय मंडळाची मुलं भिंतीवर लावायला निबंध लिहीत. लेझीम पथक होतं, बागकाम होतं, आणि ज्यांना काहीच जमत नाही त्यांच्यासाठी भरतकाम. नियम असा, की एका मुलानं एकाच मंडळात बसायचं आणि वर्षभर हलायचं नाही. आजारपणामुळे मला कुणालाही न विचारता भरतकामात टाकलेलं. मी रुमालावर एक मोर भरायला घेतला होता, आणि त्याच्या मानेपर्यंत येईतो खिडकीबाहेरच्या मैदानावर मुलींचा कबड्डीचा संघ तयार होत होता. माझे टाके कुठं पडत होते हे मला दिसत नसे. मी बाहेरच बघत असे.

संघाची कप्तान शालन. ती माझ्याच वर्गातली, पण आवाज असा, की तिनं मैदानातून हाक मारली तर नदीपलीकडची गुरं मान वर करीत. एका शनिवारी एक मुलगी आली नाही म्हणून तिनं खिडकीतून मलाच ओढून काढलं. "ए मोर, ये की!" पहिल्याच चढाईत मी दोघींना हात लावून परत आले. कशी आले ते आजही मला सांगता येणार नाही. वर्षभर मला सगळ्यांनी काचेच्या बरणीसारखं जपलेलं, आणि इथं पोरी माझ्या अंगावर धावून येत होत्या, मला पाडायला बघत होत्या. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. पुढच्या आठवड्यात शिंदेसरांनी, म्हणजे आमच्या खेळाच्या मास्तरांनी, मुख्याध्यापकांशी भांडून माझं मंडळ बदलून घेतलं. आजारपणातली माझी गैरहजेरी नियमात बसत नव्हती, तीही त्यांनी कशीतरी बसवली. एक गोष्ट मात्र त्यांना बसवता येईना. ती म्हणजे माझं वजन.

तालुक्याची स्पर्धा वजनी गटाची होती. आमच्या शाळेचा संघ पस्तीस किलोंचा. त्याच्या वर भरली ती मुलगी बाद. शाळेत वजनकाटा कुठला असायला? सोसायटीच्या गोदामात खताची पोती तोलायचा मोठा काटा होता, तिथं सर आम्हाला रांगेनं नेत. युरियाच्या वासात एकेक पोर पोत्याच्या जागी उभी राहायची आणि गोदामाचा माणूस मापं सरकवत ओरडायचा. बाकीच्या सगळ्या काटकुळ्या. माझ्या वेळी माप पस्तिसावर आणलं तरी वर गेलेली दांडी खाली बसायचीच नाही. "हिला काय घालताय घरी?" तो म्हणाला आणि पोरी फिदीफिदी हसल्या. सर हसले नाहीत. त्यांच्याकडे माझ्यासारखी चढाई करणारी दुसरी मुलगी नव्हती. ते संध्याकाळी सायकलवरून आमच्या घरी आले.

आईनं त्यांना चहा दिला, वर पोहे दिले. सर पोहे खाता खाता चाचरत म्हणाले, "वहिनी, पोरगी लय चांगली खेळतीया. फक्त स्पर्धेपर्यंत तिचं खाणं जरा कमी करा."

आईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय कमी करा?"

"खाणं. थोडं वजन जास्त भरतंय."

"आवं मास्तर," आई उठूनच उभी राहिली, "पोरीला खायाला घाला म्हणून सांगणारा मास्तर मी बघितलाय. उपाशी ठेवा म्हणून घरी येणारा आजच बघितला! वरीसभर मी हिच्या हाडावर मास चढवतीया ते काय तुमच्या खेळासाठी उतरवायला? न्हाई म्हंजी न्हाई. आन् काट्यावर उभी केली म्हणं पोरीला? खताच्या?"

सर पोहे अर्धे टाकून गेले. आमच्या घरून अर्धी बशी ठेवून गेलेला तो पहिला पाहुणा. आईनं त्याचाही राग माझ्यावरच काढला, म्हणजे माझ्या ताटात एक भाकरी जास्त वाढली. मी जेवले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी ताट सरकवलं आणि आईचा चेहरा असा झाला, की मीच घाबरले. दोन दिवस घरात रवीचा आवाज तेवढा होता, बोलणं नव्हतं. मी भाकरी म्हशीच्या गव्हाणीत टाकत असे. आई ते बघत असे आणि न बघितल्यासारखं करत असे.

तिसऱ्या दिवशी तात्या मध्ये पडले. ते तसे घरात फार बोलत नसत. जेवायला बसले असताना, खाली बघूनच म्हणाले, "वैनी, मी भरतीला गेलो तवाची गोष्ट तुमाला म्हाईत हाय का?"

"केळी खाल्ली म्हणून सांगत्यात समदी," आई म्हणाली.

"ती हसायची गोष्ट. वजन कमी भरलं म्हणून मी भाईर येऊन डझनभर केळी हाणली, वर घागरभर पाणी प्यालो, आन् परत रांगेत उभा ऱ्हायलो. तरी थोडक्यात कमी. वजन घेणारा सायब म्हणला, फिर आना. फिरून जायाचं वय ऱ्हायलं न्हाई." तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "दादा गेला फौजेत आन् मी बसलो हितं. उसात हाय, सुखात हाय, न्हाई म्हणत न्हाई. पर थोडक्यात ऱ्हायलं की जल्माचं ऱ्हातंय, वैनी. पोरीचं तसं करू नगासा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेल्यात दूध निम्मं होतं. तिनं तो पेला माझ्या हातात देताना तोंड दुसरीकडे केलं होतं. मला तिचं वाईट वाटलं आणि आनंदही झाला. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं. लोणी बंद झालं, लाडू डब्यात राहिले. पण एक अट तिनं घातली : स्पर्धेला ती स्वतः येणार. आईनं तोवर मला कधी खेळताना बघितलं नव्हतं. कबड्डी म्हणजे काय हेही तिला धड माहीत नव्हतं. पोरी हात धरून गोल फिरतात असं काहीतरी तिच्या डोक्यात असावं.

स्पर्धा इस्लामपूरला होती. शाळेच्या पटांगणात चुन्याच्या फक्कीनं रेषा मारलेल्या, कडुनिंबाखाली टेबल मांडलेलं, आणि टेबलाशेजारी वजनकाटा. माझ्या नातीच्या सांगलीच्या शाळेत आता या सगळ्यासाठी आधारकार्ड, डॉक्टरचा दाखला आणि संगणकावर भरायचे कागद लागतात. आमच्या वेळी एक काटा आणि एक चष्मेवाले गृहस्थ, एवढ्यावर भागायचं. पण ते गृहस्थ सगळ्या कागदांपेक्षा कडक होते. मी काट्यावर उभी राहिले. बांगड्या काढून ठेवल्या, रिबिनी सोडल्या, तरी काटा पस्तिसाच्या पुढे रेंगाळत राहिला. "थोडं जास्त आहे. वजनं घेणं चालू आहे तोवर परत आणा. टेबल उठलं की संपलं."

सरांनी मला पटांगणाभोवती पळायला लावलं. मी पळाले, घाम काढला, परत उभी राहिले. काटा अजून पुढेच. शालन रडायला आली. सर डोक्याला हात लावून बसले. मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, चला आता घरी. ती उठली आणि फाटकाबाहेर गेली. मला वाटलं एसटीची चौकशी करायला गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात कागदाच्या पुड्यात मीठ-तिखट लावलेली चिंच होती.

"बस हितं," ती माझ्यासमोर बसली. "तोंड उघडायचं न्हाई, चिंच मागायची न्हाई. नुस्तं बघायचं. पाणी सुटलं की थुकायचं."

आणि माझ्या डोळ्यांसमोर ती चिंच खायला लागली. अशी चवीनं, अशा मिटक्या मारत, डोळे मिटून, जीभ टाळ्याला लावून, की माझ्याच काय, सगळ्या संघाच्या तोंडाला पाणी सुटलं. माहेरी तालमीतले भाऊ कुस्तीच्या आधी असं करायचे, असं तिनं नंतर सांगितलं. मी थुकत होते. उपाशी पोटी, उन्हात, आईच्या तोंडाकडे बघत मी निंबाचं आळं भिजवलं. मध्येच आईला हसू फुटलं, मलाही फुटलं, आणि हसता हसता अजून लाळ सुटली. टेबल उठायच्या बेतात असताना मी परत काट्यावर चढले. काटा हलला, थांबला आणि पस्तिसावर बसला.

"वरीसभर घातलेलं आज थुकाय लावलं बघा, मास्तर," आई सरांना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज पैलवानाचा होता.

आमचा सामना दुपारी झाला. समोरचा संघ तालुक्याच्या गावचा, सगळ्यांच्या पायात बूट. आई मैदानाच्या कडेला बायकांत बसली होती. पहिल्या चढाईलाच तिच्या लक्षात आलं की इथं गोल फिरत नाहीत. मला कुणी धरलं की ती गुडघ्यावर उठायची, मी सुटले की बसायची. शेवटाला गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई माझी आली. सर नुसतं म्हणाले, "जा."

मी कबड्डी-कबड्डी करत आत गेले. एकीला हात लागला. वळले आणि घोट्याला मिठी पडली. मी आडवी झाले, दुसरी पाठीवर, तिसरी मानेवर, मग किती ते कळलं नाही. तोंडात माती, छातीवर ओझं, आणि त्या सगळ्याच्या खालून मी कबड्डी-कबड्डी पुटपुटत हात पुढे सरकवत होते. आवाज बारीक होत गेला. शिट्टी वाजली आणि पंच मोठ्यानं ओरडले, "दम गेला!"

कबड्डीत दम म्हणजे चढाईचा श्वास. तो संपला की पंच तसं ओरडतात आणि सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं असतं. मग पंच येऊन वाकून बघतात, की दम संपला तेव्हा हात मधल्या रेषेला टेकला होता की नव्हता. टेकला असेल तर चढाई यशस्वी. हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. आईला कोण सांगणार? माझ्या आजारात ती किती रात्री माझ्या नाकापुढे हात धरून बसली होती. आता पोर सहा जणींच्या खाली, आवाज बंद, आणि एक शहाणासुरता माणूस सगळ्या मैदानाला सांगतोय की दम गेला.

ती कशी आली मला दिसलं नाही. नंतर सगळ्यांनी सांगितलं, की पदर खोचून ती बायकांच्या डोक्यांवरून उडी मारल्यासारखी आली. मला ऐकू आली ती तिची किंकाळी. "सरका! सरका गं सटव्यांनो! पोरीचा दम गेला म्हणत्यात आन् तुमी उरावर बसलायसा!" एकेकीला वेणीला धरून तिनं बाजूला फेकलं, मला उचलून छातीशी धरलं आणि तोंडाशी कान नेला. मी श्वास घेतला तेव्हा ती मटकन खाली बसली, मला तशीच धरून, मधल्या रेषेवर. तिच्या पायांनी फक्की सगळी पुसून गेली होती.

मैदान आधी हसलं आणि मग गप्प झालं. पंच आले, वाकले. बघायला काही उरलं नव्हतं. शालन त्यांच्यापुढे नाचत होती : "हात पोचला व्हता, सर! माझ्या पायाशी आला व्हता! मी बघितलं!" समोरच्या पोरी तेवढ्याच मोठ्यानं नाही म्हणत होत्या. शिंदेसरांनी नियमाचं पुस्तक काढलं. पंचांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. आईला प्यायला पाणी त्यांनीच मागवलं. मग म्हणाले, "जे मला दिसलं नाही ते मला देता येत नाही." एका गुणानं आम्ही हरलो.

हात पोचला होता. हे मी आज लिहिते आहे. दम असताना माझी दोन बोटं फक्कीत रुतली होती. त्या पिठूळ पांढऱ्या चुन्याचा थंडपणा अजून बोटांना आठवतो. आणि पुढच्या वर्षी मी वाढले. पस्तिसाच्या आत मला चिंचेनंही बसवलं नसतं, आणि वरच्या गटाला आमच्या शाळेत पोरी जमल्याच नाहीत. दोघींची लग्नं ठरली, बाकीच्यांना घरच्यांनी थांबवलं. माझ्या आयुष्यातला खराखुरा सामना तो एवढाच.

परतीच्या एसटीत पोरी मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या, शालन खिडकीला डोकं टेकून. कुणी आईला काही बोललं नाही, पण आईकडे कुणी बघतही नव्हतं, आणि ते तिला कळत होतं. तिनं भाकरीचं फडकं मांडीवर धरलं होतं, सोडलं नव्हतं. बऱ्याच वेळानं ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "खरं सांग. हात पोचला व्हता तुझा? माझ्यापायी हारला का गं तुमी?"

मला जिंकायचं होतं. निदान जिंकलो होतो हे तरी कुणाला सांगायचं होतं.

"न्हाई आई," मी म्हणाले. "ईतभर लांब व्हता अजून."

आईनं मोठा श्वास सोडला. आणि मग, तिचा स्वभावच तो, मागं वळून साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आगं पोरींनो, हात पोचलाच न्हवता म्हणं हिचा!"

सगळ्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. तासभर पंचांशी भांडलेली शालन हळूच सरळ बसली. ती माझ्याकडे बघत राहिली. माझी बोटं फ्रॉकच्या घडीत होती, चुना अजून धुतला नव्हता. मग तिनं आईच्या तोंडाकडे बघितलं.

"व्हय काकू," ती म्हणाली. "न्हवताच पोचला. माझंच बघण्यात चुकलं."